टिफवाले सर

परतवाड्यातल्या या निवृत्त भूगोलाच्या सरांना चिखलदरा कसा आहे विचारा. धुकं, कॉफी, पॉइंट, काही सांगणार नाहीत. उलट विचारतील, "कोणत्या फॉरमॅटमध्ये पाहिजे?"

तिथला अख्खा गाविलगड त्यांच्याकडे उंचीच्या आकड्यांच्या फाइलींत आहे: एचजीटीत आहे, जिओटिफमध्ये आहे, आस्कीत आहे. 'एंडेव्हर' अवकाशयानानं फेब्रुवारी २०००मध्ये ११ दिवसांत पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीची उंची रडारनं मोजली. त्यातला हा एक तुकडा सर निवृत्तीपासून या साच्यातून त्या साच्यात ओतताहेत. तुकड्याचं नाव एन२१ई०७७. अचलपूर, वैराट, सेमाडोह सगळं त्यात येतं. अमरावती मात्र खालच्या फाइलीत. जिल्ह्याचं ठिकाण हद्दीबाहेर गेल्याचा सरांना झालेला आनंद लपत नाही. दोन्ही फाइली 'जीडाल' या सॉफ्टवेअरनं जोडता येतात, पण ते अजून मनावर घेत नाहीत.

सारं साध्या अक्षरांत आणू म्हणून त्यांनी आस्की केलं. १ कोटी २९ लाख ६७ हजार २०१ आकडे. नोटपॅडनं मान टाकली. रडारला जिथं काही दिसलं नाही तिथं उणे ३२७६८ लिहायची रीत. ते संगणकाला सांगायचं राहिलं आणि घाटात बत्तीस किलोमीटर खोल खड्डा निघाला. रोज त्या रस्त्यानं काळीपिवळी नेणाऱ्याला काही नवल वाटलं नाही.

मग उतार काढला, तर बसस्टँडपासून बाजारापर्यंत गाव कड्यासारखं उभं! आडवं अंतर अंशांत, उंची मीटरमध्ये. दुसरं काय होणार? सर मात्र हरखले. "यूटीएम ४३मध्ये, म्हणजे मीटरात, नेल्याबिगर परतवाडा सपाट होतच नाही, राजेहो!"

परवा एक शेतकरी आला. दोन एकरांत पाणी कुठून वाहते एवढंच त्याला हवं होतं. सरांनी फाइल कापली, यूटीएमला नेली, टिफ केली, आस्की केली, पुन्हा टिफ केली. चहा दोनदा झाला. एक चौकोन तीस मीटरचा, म्हणून शेवटी शेताच्या वाट्याला आले नऊ आकडे.

"नऊच? मंग कागदावर लिहून द्या ना, सर."

सर दुखावले. "कागदावर? कागदाले प्रोजेक्शन कुठं असते बे?"