पाकिटातली खिडकी

आईच्या पाकिटात नोटांच्या कप्प्यासमोर एक प्लास्टिकची खिडकी आहे. तिच्यात माझा भाचा टोपडं घालून बसलाय. प्रत्यक्षातला भाचा सध्या मिशी कोरतो. "अगं, आता नवा फोटो लाव की," असं मी म्हटलं, तर आई म्हणाली, "द्या ना मग! फोनमध्ये दाखवता सगळे, देत कुणीच नाही."

मुद्दा लागला. माझ्या फोनमध्ये काही हजार फोटो आहेत, त्यातले निम्मे बिलांचे आणि पार्किंगमधल्या खांबांचे, आणि हातात द्यायला एकही नाही. मग खिशात मावणारा प्रिंटर घ्यायचं ठरलं.

सगळ्यात स्वस्त तो काळा-पांढरा, थर्मल कागदावर छापणारा. एसटीच्या तिकिटाचा चुलतभाऊच. त्या कागदाशी माझं जुनं वैर आहे. फ्रिज बंद पडला त्या दिवशी वॉरंटीची पावती काढली, तर ती कोरी करकरीत. आईच्या नातवंडांना त्या वाटेला लावायचं नव्हतं.

दुसरा प्रकार डाय-सब्लिमेशनचा. यात रिबनवरचा रंग उष्णतेने कागदावर उतरतो. आधी पिवळा, मग किरमिजी, मग निळा, आणि शेवटी संरक्षक थर. त्यासाठी कागद चार वेळा आत-बाहेर करतो, नव्या सुनेच्या माहेर-सासरच्या फेऱ्यांसारखा. फोटो मात्र सुरेख येतो. फक्त वापरलेली रिबन उजेडात धरली की तिच्यावर आपलीच भुतं दिसतात. कचरा वेचणाऱ्याला आपलं सगळं खानदान तीन रंगांत पाहायला मिळणार!

तिसरा इन्स्टॅक्सवाला. हा फोटो छापत नाही, खऱ्याखुऱ्या फिल्मवर प्रकाश पाडतो. पांढरा चौकोन बाहेर येतो आणि दीडेक मिनिटात त्यातून माणसं हळूहळू वर येतात, धुक्यातून घाट दिसावा तशी. त्याच्या मिनी फिल्मचं माप ८६ बाय ५४ मिलिमीटर, म्हणजे एटीएम कार्डाएवढं. चित्र मात्र ६२ बाय ४६चंच, बाकी सगळी पांढरी किनार. फिल्मच्या एका पाकिटात दहा फिल्म. दहाच आहेत म्हटल्यावर माणूस विचार करून बटण दाबतो, आणि हे मला फार आवडलं. छत्तीसच्या रोलमधला एकेक फोटो जपून काढणारे बाबा आठवले.

चौथा झिंक, म्हणजे 'झिरो इंक'. यात शाईच नाही. कागदाच्या थरांमध्ये तीन रंगांचे स्फटिक बिनरंगी होऊन झोपलेले असतात. वरचा पिवळा कडक पण क्षणभराच्या चटक्याने जागा होतो. तळच्या निळ्याला कमी आच लागते, पण जास्त वेळ. फोडणी आणि दम, दोन्ही एकाच कागदावर. हे तंत्र पोलरॉइडच्या घरात वाढलेलं. त्या घरातल्या झटपट फोटोची सुरुवातही एका तक्रारीनेच झाली होती. १९४३ साली सुट्टीत फोटो काढल्यावर एडविन लँडच्या तीन वर्षांच्या लेकीने विचारलं, फोटो आत्ताच का दिसत नाही? बापाने १९४७ साली उत्तर करून दाखवलं. तिथे लेकीने बापाला धारेवर धरलं, आमच्याकडे आईने लेकीला.

मी इन्स्टॅक्सवर येऊन थांबले होते. शिवणाच्या डब्यातली टेप काढून पाकिटाची खिडकीसुद्धा मोजली. आईला समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न केला, "चिकटतो का गं?"

चिकटतो तो झिंक. दोन बाय तीन इंच, मागचा कागद सोलला की स्टिकर. झालं, माझा आठवड्याचा अभ्यास पाण्यात. झिंक आला. कागदांच्या प्रत्येक पाकिटात एक निळा कागद असतो, तो आधी आत घालायचा, मग यंत्राला रंगांचा अंदाज येतो. आईने तो नैवेद्याच्या पानासारखा अदबीने ठेवला.

पहिल्या दिवशी दहा फोटो निघाले. संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले, तर फळीवरच्या स्टीलच्या डब्यांवर सगळे नातेवाईक ओळीने उभे. तुरीवर भाचा, मुगावर माझी मुलगी, साखरेवर मधुमेह झालेला मामा.

"आणि पाकिटातला?"

"तो राहू दे," आई म्हणाली. "दुकानात जातेस ना? नातू संपलाय, किलोभर आण."