सस्पेन्स खातं

बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला संध्याकाळ झाली की काहीतरी जुळवल्याशिवाय चैन पडत नाही. आमच्या तालुक्याच्या शाखेत एकदा सव्वा रुपयाचा फरक शोधता शोधता रात्रीचे साडेअकरा वाजले होते. तो सापडला तेव्हा शाखाधिकाऱ्यांनी खूश होऊन एसटी स्टँडवरून सगळ्या स्टाफला भजी मागवली. भज्यांचे झाले बारा रुपये. ते साहेबांच्या खिशातून गेले, त्यामुळे कुणाला जुळवावे लागले नाहीत.

हे सांगायचं कारण म्हणजे आमची स्पितीची सहल. निघायच्या आदल्या दिवशी मुलानं बजावलं, "बाबा, रोज रात्री कॅमेऱ्यातले फोटो आईच्या टॅब्लेटवर घ्यायचे. कार्ड हरवलं तर सगळी सहल गेली." दुसऱ्या कुणाला हे लोढणं वाटलं असतं, मला नोकरी परत मिळाल्यासारखं झालं. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक कॅशियरकडे, एक साहेबाकडे, एकट्याला उघडता येत नाही. त्याच धर्तीवर कार्ड माझ्या ताब्यात, टॅब्लेट बायकोच्या. सोबत दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले: तारीख, मुक्काम, कार्डावर किती, टॅब्लेटवर किती, फरक. व्यवस्था चोख होती. तिच्यात एक भोक राहून गेलं होतं, ते काझाला पोचल्यावर दिसलं.

साहित्य म्हणाल तर निवृत्तीच्या पैशातून घेतलेला कॅमेरा, त्यात ६४ जीबीचं कार्ड, आणि मुलानं दिलेली एक शेपटी. शेपटीच्या एका टोकाला कार्ड खोचायचं, दुसरं टोक टॅब्लेटच्या तोंडात. कार्डाबद्दल माझी पहिली तक्रार घरीच झाली होती. पाकिटावर ६४ छापलेलं, आणि घरच्या कॉम्प्युटरला लावलं तर दिसतात ५९ आणि थोडे. मुलगा म्हणाला, बनवणारे हजाराच्या हिशोबानं मोजतात आणि कॉम्प्युटर १०२४च्या. मला लगेच समजलं. चौसष्टचं कर्ज मंजूर करायचं आणि प्रक्रिया शुल्क कापून हातात साठ टेकवायचे, हा व्यवहार मी जन्मभर काउंटरच्या आतल्या बाजूनं केला होता. बाहेरच्या बाजूनं कसं वाटतं ते प्रथमच कळलं.

खरी अडचण टॅब्लेटमध्ये होती. तोही ६४चाच, पण त्यात मालिकांचे भाग, उकडीच्या मोदकांचे सात वेगवेगळे व्हिडिओ, नातवाचे खेळ आणि अख्खा हरिपाठ आधीच बिऱ्हाड करून होते. मोकळी जागा २१ जीबी. नारकंड्याच्या हॉटेलात आमची पहिली बैठक या जागेवरून झाली. मी म्हटलं, मोदक काढू या. ती म्हणाली, "मोदक वर्षातून एकदा लागतात, तुमचे फोटो कधी लागतात?" या प्रश्नाला आजही माझ्याकडे उत्तर नाही. शेवटी मालिकेचे अकरा भाग गेले. त्यातल्या एका भागात म्हणे खून कुणी केला ते कळणार होतं. ते तिनं मला पुढचे नऊ दिवस रोज ऐकवलं.

पहिल्या रात्री २१२ विरुद्ध २१२. फरक शून्य. मी वहीत सही ठोकली आणि गाढ झोपलो. काम संपल्यावर टॅब्लेटनं नम्रपणे विचारलं होतं, कार्डावरचे फोटो आता डिलीट करू की ठेवू? मी दचकलोच. नोंद झाली म्हणून व्हाउचर फाडतात का कुणी? ठेवा! आमच्याबरोबर नाशिकचे एक गृहस्थ होते. त्यांच्या कॅमेऱ्यात दोन कार्डांच्या खाचा होत्या, फोटो काढतानाच दोन ठिकाणी जायचा. म्हणजे रात्रीचं काम नाही. संध्याकाळी ते बायकोबरोबर फिरायला जात. मला त्यांची फार कीव यायची.

सांगल्याला पहिला फरक आला. कार्डावर १८७, टॅब्लेटवर १८५.

दोन कमी. मी पुन्हा मोजले. मग नाशिककरांना मोजायला लावले. त्यांचं म्हणणं पडलं की नाव सारखं असलं की घोळ होतो. कॅमेरा फोटोंना चारच आकडी नंबर देतो, ९९९९ झाले की गाडी परत ०००१वर. म्हणजे जुना एक आणि नवा एक, दोघे एकाच नावाचे. हे मला पटलं. आमच्या शाखेत एस. के. पाटील नावाचे पाच खातेदार होते, आणि त्यातल्या एकाची पेन्शन वर्षभर दुसऱ्याच्या खात्यात जमा होत होती. दुसऱ्यानं तक्रार केली नाही. पण माझ्या कॅमेऱ्याचे आयुष्यातले एकूण फोटो अजून तीन हजारही नव्हते, तेव्हा हा मुद्दा बाद झाला. बँकेत फरकाचं कारण सापडेपर्यंत रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात. मी वहीचं मागचं पान उघडलं, वर तसं लिहिलं आणि खाली पहिली नोंद केली: दोन.

कल्प्याला तर छातीत धस्स झालं. कार्डावर ३०८ फायली आणि टॅब्लेटवर १५१! समोर किन्नर कैलास संध्याकाळच्या उन्हात तांबूस झालेला, सगळे लोक गच्चीत, आणि मी खोलीत पांघरूण घेऊन मोजणी करतोय. साडेनऊ हजार फुटांवर आधीच धाप लागते, त्यात निम्मी शिल्लक गायब. मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, तुमच्याकडून चुकून रॉ अधिक जेपेग झालंय. एका फोटोच्या दोन फायली होतात, टॅब्लेट त्या जोडीला एकच धरतो." म्हणजे पावती आणि तिची स्थळप्रत! एवढं साधं. ३०८ भागिले दोन, १५४. जीव भांड्यात पडला, आणि तिथूनच परत वर आला. १५४ वजा १५१, तीन. मागच्या पानावर दुसरी नोंद.

व्हिडिओचं प्रकरण आणखी वेगळं. माझा कॅमेरा फोर-केमध्ये सेकंदाला १०० मेगाबिट लिहितो. आठ आण्यांची जशी अधेली, तसा आठ बिटांचा बाइट. म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, मिनिटाला साडेसातशे. व्याज इतक्या वेगानं चढताना मी सावकाराकडेही पाहिलेलं नाही. कल्प्याहून नाकोला जाताना वाटेत खाबला सतलज आणि स्पितीचा संगम लागतो. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. मी उतरलो, लाल बटण दाबलं, डावीकडून उजवीकडे हळूहळू सगळा संगम घेतला, बटण दाबून कॅमेरा गळ्यात सोडला. रात्री पाहतो तर संगम नाही. पहिल्यांदा बटण नीट दाबलंच गेलं नव्हतं. त्यामुळे बंद केलं तेव्हा सुरू झालं आणि गळ्यात लोंबणाऱ्या कॅमेऱ्यानं माझे बूट टिपले. अकरा मिनिटं. सव्वाआठ जीबी. बुटांच्या पाठीमागे ड्रायव्हरचा आवाज: सतलज तिबेटातून कशी येते, पलीकडून येणारी ती स्पिती, पुढे दोघींचं नाव सतलजच राहतं वगैरे. माणूस मोठा रसाळ बोलायचा. बॅटरी संपली म्हणून अकरा मिनिटांवर निभावलं. तशीही अशा कितीतरी कॅमेऱ्यांना २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादा असायची. युरोपात अर्धा तास किंवा त्याहून जास्त चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यावर जकात जादा, म्हणून बनवणारे एक सेकंद अलीकडेच थांबत. जगातला कुठलाही कर वाचवायला एक सेकंद पुरतो, हे पाहून मला भरून आलं.

तर ते सव्वाआठ जीबीचे बूट शेपटीतून टॅब्लेटमध्ये जायला लागले. तेवढ्यात टॅब्लेटची झापड लागली आणि काम अर्ध्यात तुटलं. यावर उपाय म्हणून मी बायकोला शेजारी बसवलं. दर मिनिटाला पडद्यावर बोट फिरवायचं, झोपू द्यायचं नाही. सेटिंगमध्ये झोपच बंद करता येते हे मला पुण्याला परतल्यावर समजलं. ती बिचारी रोज रात्री तासभर, जपमाळ ओढावी तशी टॅब्लेटवर बोट ओढत बसायची. अधूनमधून चष्मा वर करून पडद्याकडे बारीक नजरेनं पाहायची. मला वाटायचं, माझी कला पाहतेय.

ताबोला कॅमेऱ्यानं वेगळंच काढलं. सकाळी उठून पाहतो तर पडद्यावर 'कार्ड लॉक्ड'. कार्डाच्या कडेला नखाएवढा एक खटका असतो, तो शेपटीत घालता काढता खाली सरकला होता. गंमत म्हणजे त्या खटक्याला आत काही जोडलेलं नसतं. तो खाली आहे हे पाहून यंत्रानं आपण होऊन मान राखायचा, एवढंच. आमच्याकडे मॅनेजरच्या केबिनवर 'परवानगीशिवाय आत येऊ नये' अशी पाटी होती, तिच्याही मागे कडी नव्हती. पण यंत्रं आमच्या खातेदारांपेक्षा सज्जन असतात. खटका वर केला आणि मठात गेलो, तर तिथे आत फोटो काढायलाच मनाई. ९९६ सालचा मठ. मातीच्या मूर्ती भिंतींतून पुढे झुकलेल्या, विजेरीचा झोत फिरेल तिकडे हजार वर्षांपूर्वीचा रंग उजळतोय. तासभर मी मोकळ्या हातांनी हिंडलो. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "लग्नाच्या वाढदिवसाला पण तुम्ही माझ्याशी इतकं बोलला नव्हतात." फरक त्या दिवशीही एक आलाच. मठाबाहेर तिचे चार फोटो काढले होते.

काझाला आमचे दोन मुक्काम. दुसऱ्या दिवशी वर हिक्किमला गेलो. तिथे १९८३पासून डाकघर आहे, चौदा हजारांहून जास्त फुटांवर. सगळे पर्यटक तिथून स्वतःलाच कार्डं पाठवतात. बायकोनंही की मठाचं चित्र असलेलं एक घेतलं, आमचाच पत्ता घातला, 'आम्ही मजेत आहोत' असं आम्हालाच कळवलं आणि पेटीत टाकलं. तिच्या बाजूचं ट्रान्सफर झालं. केबल नाही, चार्जर नाही, आणि आजतागायत त्यात फरक आलेला नाही. कार्ड फ्रिजवर आहे.

त्या रात्री वीज गेली. टॅब्लेटमध्ये १९ टक्के चार्जिंग, आणि मागच्या पानावर एकूण सतरा. दोन, तीन, पाच, एक, सहा. उद्या कुंझुम ओलांडायची, आणि मी सतरांचा फरक घेऊन खिंड चढणारा माणूस नव्हे. ती रजईत, मी मेणबत्तीजवळ. टॅब्लेटचा एकेक कप्पा उघडत गेलो आणि तळाशी, शेवटच्या ओळीत एक अल्बम दिसला: रिसेंटली डिलीटेड. टॅब्लेटला म्हणे ३० दिवस दया येते, तेवढे दिवस तो टाकलेलं सांभाळून ठेवतो.

उघडलं. मोजले. सतरा.

खरं सांगतो, मला राग आला नाही. मी ओरडलो, "जुळलं!" शेजारच्या खोलीतून नाशिककरांनी भिंतीवर थाप मारली.

सतरांतल्या सोळांमध्ये ती होती. एकात डोळे मिटलेले, एकात तोंडात घास, चारांत वारा आणि ओढणी यांनी संगनमत केलेलं. किल्ली तिच्याकडे, मोजणीला बसवलेली तीच, आणि लेखापरीक्षणही तिनंच करून टाकलेलं. मी बँकेत असतो तर असली शाखा एका दिवसात निलंबित झाली असती.

"अहो, सांगल्याच्या त्या फोटोत मी तुमच्या आत्यासारखी दिसत होते," रजईतून आवाज आला.

"आणि हा सतरावा? यात तू कुठे आहेस?"

सतराव्यात मी होतो. गाडीत, मान मागे टाकून, तोंड सताड उघडं, हनुवटीवर ओघळ. माझाच कॅमेरा माझ्या गळ्यातून काढून तिनं टिपलेला.

"तो मी तुमच्यासाठी काढून टाकला," ती म्हणाली. "नाशिकच्या वहिनींना दाखवून झाल्यावर."

मेणबत्ती विझायच्या आत आम्ही बसून कार्डावरचेही ते सतरा शोधून पुसले. दोन्ही किल्ल्या हजर, कायदेशीर काम. वहीच्या मागच्या पानावर मी आडवी रेघ मारली आणि लिहिलं: सतरा नग, उभयतांच्या संमतीनं निर्लेखित. खाली मी सही केली. तिनं पेन हातात घेतलं आणि थांबली.

"ते बूट आहेत ना अजून, ते काढले तर माझ्या मालिकेचे सगळे भाग परत मावतील."

बूट अजून टॅब्लेटवर आहेत. परवा पाहुणे आले होते, त्यांना तेच लावून दिले आणि म्हटलं, डोळे मिटून ऐका. ड्रायव्हरनं संगम अगदी नजरेसमोर उभा केलाय.