डबीची मागची बाजू

बीपीची गोळी म्हटलं की लोक दचकतात. ‘एकदा चालू केली की जन्माची मागे लागते’ या धास्तीने ती महिनोन्महिने टाळतात. तीच माणसं मोबाइलवरची जाहिरात पाहून हृदयासाठी कॅप्सूल मागवतात आणि दुसऱ्या दिवसापासून नेमाने घेतात. ही कधी थांबवायची, असं मात्र कुणी विचारत नाही.

‘नॅचरल आहे हो, साइड इफेक्ट काही नाही!’

ती डबी एकदा उलटी करून बघा. समोर लाल हृदय, हिरवं पान, हसरं जोडपं. मागे बारीक अक्षरांत ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’. कंपनीच्या प्रामाणिकपणामुळे हे छापलेलं नाही. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमांनी ते सक्तीचं केलंय. सप्लिमेंट हे कायद्याच्या लेखी औषध नाहीच, तो खाद्यपदार्थ आहे. बिस्किटांना आणि फरसाणाला परवाना देणारी संस्थाच याला परवाना देते. नव्या औषधाला बाजारात येण्याआधी माणसांवर चाचण्या करून गुण सिद्ध करावा लागतो. या डबीला ती परीक्षा नाही.

मग ती हृदय सांभाळते कशाच्या जोरावर? चित्राच्या!

हृदयरोग, रक्तदाब, मधुमेह, पाळीच्या तक्रारी यांवर औषध असल्याची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून जाहिरातीत ‘बरं करतो’ कुठेच नसतं. ‘सपोर्ट करतो’, ‘बॅलन्स करतो’ असं असतं. बीपी मोजता येतं, साखर मोजता येते. ‘सपोर्ट’ कुठल्या लॅबमध्ये मोजून मिळतो?

आणि बॅलन्स नेमका कुठल्या हार्मोनचा? थायरॉइडचा, इन्सुलिनचा की इस्ट्रोजेनचा? कुणाचं थायरॉइड कमी असतं, कुणाचं जास्त. एकाला वाढवायचं, दुसऱ्याला उतरवायचं. एकच कॅप्सूल दोघांनाही विकली जाते. तिला कसं कळतं, आपण कुणाच्या पोटात आलोय?

हा माल विशी-पंचविशीतल्या मुलींनाही विकला जातो. दोन-तीन महिने पाळी नाही, हनुवटीवर केस, वजन वाढतंय. सोनोग्राफीत ‘पीसीओडी’ निघतं. ‘लग्नाआधी कशाला हार्मोनच्या गोळ्या?’ म्हणून घरचे डॉक्टरांची चिठ्ठी कपाटात ठेवतात आणि इनोसिटॉलची पावडर मागवतात. या आजारावरच्या (पीसीओएस) २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना इनोसिटॉलबद्दल काय सांगतात? हवं तर घेऊन बघा, पण प्रत्यक्ष फायद्याचा पुरावा तोकडा आहे. पावडर घ्यायची तर घ्या, पण पाळी महिनोन्महिने येत नसेल तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि पुढे त्यात कॅन्सरचाही धोका असतो. या मुलींना मधुमेहाचा धोकाही जास्त. त्यांची साखर तपासायला हवी.

पावडरच्या नादात तपासणीचं वर्ष निघून जातं. खरं नुकसान हे आहे.

बियांचंही तेच. पंधरा दिवस जवस आणि भोपळ्याच्या बिया, पंधरा दिवस तीळ आणि सूर्यफुलाच्या. म्हणे पाळी घड्याळासारखी येते. जवसाची चटणी जरूर खा, तिळाचीही खा. भाकरीबरोबर दोन्ही उत्तम. पाळीचं वेळापत्रक त्या लावतात, याला भक्कम पुरावा नाही.

आता माशाच्या तेलाची कॅप्सूल घ्या. समोर ठसठशीत ‘१००० मिग्रॅ’. मागे बघितलं तर ईपीए १८०, डीएचए १२०. म्हणजे ज्या ओमेगा-३ साठी पैसे मोजले, ते मिळालं ३०० मिग्रॅ. उरलेलं नुसतं तेल. बऱ्याच ब्रँडांचं हेच गणित आहे.

बरं, पुरेसं घेतलं तर? अमेरिकेत ‘व्हायटल’ नावाची चाचणी झाली. २५,८७१ माणसं, पाच वर्षांहून अधिक काळ. काहींना रोज एक ग्रॅम ओमेगा-३, काहींना ड जीवनसत्त्व, काहींना दोन्ही आणि बाकीच्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. २०१८ मध्ये निकाल आला. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू हे सगळं मिळून मोजलं, तेव्हा ना ओमेगा-३ ने ठळक फरक पडला, ना ड जीवनसत्त्वाने. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या काही रुग्णांना शुद्ध ईपीएचं मोठ्या मात्रेचं औषध डॉक्टर देतात, ती गोष्ट वेगळी. ते चिठ्ठीवरच मिळतं आणि जास्त मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, म्हणून त्यावर लक्षही ठेवावं लागतं.

कोलेस्टेरॉलसाठी लसूण, हळद, दालचिनी? याचीही समोरासमोर परीक्षा झाली आहे. २०२२ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिन गटातल्या कोलेस्टेरॉलच्या औषधाची ५ मिलिग्रॅमची छोटी गोळी एका बाजूला ठेवली. दुसऱ्या बाजूला माशाचं तेल, लसूण, हळद, दालचिनी, प्लांट स्टेरॉल आणि रेड यीस्ट राइस यांची सप्लिमेंट्स. अठ्ठावीस दिवसांत गोळीने वाईट कोलेस्टेरॉल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरवलं. बाकी सहांपैकी एकही खोट्या गोळीच्या फारसं पुढे गेलं नाही.

लसूण आमटीच्या फोडणीतच बरी.

त्यातल्या रेड यीस्ट राइसची तर वेगळीच कथा. लाल बुरशीने आंबवलेला हा तांदूळ. यात मोनाकोलिन-के नावाचं द्रव्य असतं आणि ते म्हणजेच लोव्हास्टॅटिन! स्टॅटिनला घाबरून पळणारा माणूस इथे स्टॅटिनच खातो, तेही किती ते माहीत नसताना. २०२४ मध्ये जपानच्या कोबायाशी फार्मास्युटिकल कंपनीला कोलेस्टेरॉलसाठी विकलेल्या याच तांदळाच्या गोळ्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. मालात दुसरीच बुरशी शिरली होती, तिच्यापासून प्युबेरुलिक ॲसिड तयार झालं. लोकांच्या किडन्या बिघडल्या, शेकडो जण रुग्णालयात गेले, मृत्यूंची चौकशी लागली. हे जपानमध्ये झालं, जिथली कारखान्याची शिस्त जगाला शिकवली जाते.

‘मग आपलं आयुर्वेदातलं घ्यावं,’ असं लगेच कुणीतरी म्हणेल. अश्वगंधा आपली आहे, कबूल. पण वैद्य ती प्रकृती बघून, मात्रा ठरवून, ठरावीक दिवसांसाठी देत. आज तिची गमी झाली आहे आणि ती गोळ्या-चॉकलेटसारखी रोज चघळली जाते. अश्वगंधेमुळे थायरॉइडची पातळी वाढू शकते. यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्याही नोंदी आहेत. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. आपली म्हणून ती थायरॉइडला सवलत देत नाही.

पण मला सर्वांत जास्त चिंता वाटते ती एका साध्यासुध्या गोळीची. केसांच्या.

थायरॉइड बिघडलं की केस गळतात. पीसीओडीतही गळतात. मग ‘हेअर, स्किन अँड नेल्स’ची गमी येते. तिच्यात असतं बायोटिन. आपली रोजची गरज ४० मायक्रोग्रॅमच्या आसपास. डबीवर बघा, १०,००० सर्रास लिहिलेलं असतं. गरजेच्या अडीचशे पट! जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण निघून जाईपर्यंत ते रक्तात असतं आणि अनेक लॅबमधल्या तपासण्यांचं रसायनच बायोटिनवर चालतं. रक्तातलं जास्तीचं बायोटिन त्या तपासणीत ढवळाढवळ करतं. थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच खोटंच कमी दिसतं, टी-फोर खोटंच जास्त. ज्या बाईला थायरॉइडच्या गोळीची गरज आहे, तिचा रिपोर्ट सांगतो की थायरॉइड जास्त झालंय. डॉक्टर बिचारे रिपोर्ट वाचून डोस कमी करतात. केस आणखी गळतात. गमी वाढते.

आणि हृदय? छातीत दुखतंय म्हणून कॅज्युअल्टीत आणलेल्या माणसाचं ट्रोपोनिन तपासतात. हार्ट अटॅक ओळखायची ती मुख्य रक्ततपासणी. काही यंत्रांवर बायोटिनमुळे तेही खोटंच कमी येतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. ट्रोपोनिन असं चुकीचं कमी आलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूची नोंद त्या इशाऱ्यात आहे.

केसांसाठी घेतलेली गोळी हार्ट अटॅक लपवू शकते. डबीवर हे कुठे लिहिलंय?

सप्लिमेंट सगळीच टाकाऊ आहेत, असं नाही. शाकाहारी माणसाचं बी-१२ कमी निघतं, त्याला ते द्यायलाच हवं. हिमोग्लोबिन उतरलेल्या बाईला लोह हवं. बाळाचा विचार चालू असेल तर आधीपासून फॉलिक ॲसिड हवं. हे उपचार आहेत. तपासून, मोजून, ठरावीक काळ द्यायचे. बिघडतं कुठे? ड जीवनसत्त्वाची साठ हजारची पुडी डॉक्टरांनी आठवड्याला एक लिहिलेली असते, घरी ती रोजची होते. रक्तातलं कॅल्शियम चढतं. उलट्या, बद्धकोष्ठता आणि मग किडनीवर भार. थायरॉइडच्या गोळीबरोबरच कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी गिळली तर थायरॉइडची गोळी नीट शोषलीच जात नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. मेडिकलच्या काउंटरवर हे कितीजण सांगतात?

५२ देशांत केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने पहिल्या हार्ट अटॅकच्या धोक्याचा बहुतेक भाग नऊ गोष्टींत बसवून दाखवला. सिगारेट-तंबाखू, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, बीपी, मधुमेह, सुटलेलं पोट, मनावरचा ताण, फळं-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव, दारूचं प्रमाण. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा लवकर येतो, हेही त्याच अभ्यासात दिसलं. या यादीत ‘कॅप्सूल घेतली नाही’ हे कारण नाही. तंबाखूची पुडी मात्र आहे.

आणि तीच खिशात ठेवून माणूस ओमेगा-३ ची ऑर्डर देतो.

डॉक्टर विचारतात, ‘कुठली औषधं चालू आहेत?’ आपण बीपीची, शुगरची सांगतो. डब्या सांगत नाही, कारण ती ‘औषधं नाहीत’. पुढच्या वेळी जाताना घरातल्या सगळ्या डब्या पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा. थायरॉइडसाठी रक्त द्यायचं असेल तर बायोटिन किती दिवस आधी बंद करायचं, ते विचारा. छातीत दुखून कॅज्युअल्टीत जावं लागलं तर केसांची गोळी चालू असल्याचं तिथल्या डॉक्टरांना सांगा. आणि बीपीची जी गोळी महिनोन्महिने टाळताय, ती आजच डॉक्टरांना विचारून चालू करा.