आई अठरा वर्षांखालची आहे का?

समजा, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या सरकारी कचेरीत छप्पन्न वर्षांचे एक भाऊसाहेब आहेत. त्यांची ब्याऐंशी वर्षांची आई तळोद्याला अंथरुणाला खिळली आहे. मध्ये चांदसैलीचा घाट. पावसाळ्यात तिथली दरड वाटेल तेव्हा खाली येते, तिला वरिष्ठांची मंजुरी लागत नाही. भाऊसाहेबांना लागते.

‘मूल किती वर्षांचं?’ साहेब रजेच्या अर्जावरून नजर न उचलता विचारतात.

‘मूल नाही साहेब, आई आहे.’

‘मग नाही बसत.’

बरोबरच आहे. राज्य सरकारची बालसंगोपन रजा 2018 पासून आहे. महिला कर्मचाऱ्यांना, आणि पत्नी वारलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या पुरुषांना, उभ्या नोकरीत 180 दिवस. मूल मात्र अठराच्या आतलं हवं. योजना चांगलीच आहे. फक्त शासनाच्या मते माणूस लहानपणीच काय तो अंथरूण ओलं करतो.

जुलै 2025 मध्ये केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांनी राज्यसभेत सांगितलं, की वृद्ध आईवडिलांच्या देखभालीसाठी केंद्रीय कर्मचाऱ्यांना वर्षाकाठी 30 दिवसांची अर्जित रजा घेता येते. बातम्यांनी पेढे वाटले. रजा 1972 च्या नियमांतलीच! मुलीचं लग्न, काशीयात्रा, आईचं आजारपण, सगळं त्याच तीस दिवसांत उरकायचं. आपल्याच खिशातली नोट काढून आपल्यालाच आहेर केला.

कायदा एके ठिकाणी मात्र सढळ आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार आईवडिलांना वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे आईच्या नावावर सलग तीन महिने कचेरीबाहेर राहायचं, तर आधी आईलाच सोडायला हवं.

कामाची लवचीक जागा जिल्ह्यात नाहीच असंही नाही. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या आजीला घरी नातू तापला तर केव्हाही उठून जाता येतं. अर्ज नाही, मंजुरी नाही. मजुरीही नाही.

तर मायबाप सरकार, नवं धोरण नको, अभ्यासगट तर मुळीच नको. बालसंगोपनाच्या आदेशात ‘किंवा परावलंबी आईवडील’ एवढे शब्द वाढवा, आणि पुरुषाला रजा द्यायला बायको मरायची वाट पाहू नका. जरा लवकर करा. भाऊसाहेब अठ्ठावन्नला निवृत्त होतात.