आधी रोषणाई, मग संगणक

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पहिला डेस्कटॉप जुळवायला निघालेला माणूस बहुधा कॅबिनेटपासून सुरुवात करतो. काचेची बाजू, रंग बदलणारे चार पंखे दिसले की बजेटला तिथेच भगदाड पडतं. उरलेल्या पैशांत संगणक बसवायचा असतो.

मग काटकसर सुचते ती नेमकी एसएमपीएसमध्ये. सगळ्या भागांना वीज पुरवणारा हा डबा चमकत नाही, पाहुण्यांना दाखवता येत नाही. म्हणून कॅबिनेटसोबत फुकट आलेला चालतो. त्यावर ४५० वॅट छापलेलं असतं. छापायला काय जातं! कार्यक्षमतेचं ८० प्लस प्रमाणपत्र कुणी विचारत नाही, माउसपॅड मात्र हक्काने मागून घेतात.

प्रोसेसरमध्ये सारा घोळ एका अक्षराचा. इंटेलचा आय५-१२४००एफ साध्या १२४०० पेक्षा स्वस्त, कारण ‘एफ’वाल्यात ग्राफिक्स नसतं. ग्राफिक कार्ड ‘पुढच्या दिवाळीला’ ठरलेलं असेल, तर तोवर पंखे फिरतात, दिवे नाचतात आणि मॉनिटर काळाठिक्कर! शिवाय या प्रोसेसरला डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही प्रकारची रॅम चालते, पण बहुतेक मदरबोर्डांना दोहोंपैकी एकच. दोन्ही प्रकारांत रॅमची खाच वेगवेगळ्या जागी असते. जोर लावून चुकीची रॅम बसत नाही, हे काहींना जोर लावल्यावरच पटतं.

एएमडीचा रायझन ५ ५६००जी २०२१ पासून कार्डाशिवाय चित्र दाखवतो आहे. पैसे मोजकेच असतील तर तो घ्यावा, आणि रॅम १६ जीबीच्या एका पट्टीऐवजी ८ च्या दोन पट्ट्यांत. त्याचं ग्राफिक्स तेवढ्यानेच अधिक वेगाने चालतं.