ताप उतरला, पेढे वाटा

मंगला गौरीच्या आमच्या गल्लीत श्रावण दोनदा येतो. बनारसचा आषाढी पौर्णिमा सरली की लगेच. पंचगंगा घाटाकडच्या आम्हा मराठी घरांचा पंधरा दिवसांनी, अमावास्येनंतर. डासीण दोन्ही पंचांगं मानते, त्यामुळे तिचं पारणं दीड महिना चालतं. मंगळागौरीच्या जागरणाला मात्र ती नसते. एडिस ही दिवसपाळीची बाई. भल्या सकाळी आणि तिन्हीसांजेच्या आधी कामावर येते. शिवाय कडक सोवळ्याची : गटाराकडे ढुंकून बघत नाही, अंडी घालायला स्वच्छ पाणी लागतं. ते आम्ही पुरवतो. कूलरच्या तळाशी असतं, आणि गच्चीवर कबुतरांसाठी ठेवलेल्या पुण्याच्या तसराळ्यात तर असतंच.

नगर निगमाचा माणूस धूर मारून जातो. धुराने उडते डास मरतात, पाण्यातली पिल्लावळ नाही. पण गल्लीला खोकला येतो, म्हणजे काम झालं.

शेजारच्या वाड्यातला सहा वर्षांचा बाळू फणफणला. 102 ताप, डोळ्यांमागे ठणका. डॉक्टरांनी सांगितलं, डेंग्यू आहे; वजनाच्या हिशेबाने फक्त पॅरासिटामॉल. ब्रुफेन, ॲस्पिरिन नको, रक्तस्रावाची भीती असते. आणि पाणी पाजत राहा. डॉक्टर एक, सल्लागार अकरा. कुणी पपईची पानं आणली, कुणी बकरीच्या दुधासाठी नंबर लावला. दर तासाला जिन्यातून आरोळी, "प्लेटलेट किती?" जणू भारत फलंदाजी करतोय. रक्तस्राव नसताना नुसत्या आकड्यासाठी सहसा प्लेटलेट चढवत नाहीत, हे ऐकून डॉक्टरांच्या पदवीवर शंका घेण्यात आली. ऑक्टोबर 2022 मध्ये शेजारच्या प्रयागराजला प्लेटलेटऐवजी मोसंबीचा रस चढवल्याचा व्हिडिओ फिरला होता. तपासात रस नव्हे, नीट न साठवलेल्या प्लेटलेट निघाल्या. ते ऐकून आमच्या गल्लीला केवढं हायसं वाटलं होतं!

चौथ्या दिवशी ताप उतरला. पेढे आले. डॉक्टरांनी बजावलं होतं, खरी काळजी इथून पुढचे एक-दोन दिवस; रक्तातलं पाणी शिरांमधून पाझरायला लागतं. पण उतरलेल्या तापाला कोण भितं? बाळूचं पोट दुखू लागलं. पेढे जास्त झाले. तीनदा ओकला. पित्त असेल. गप्प पडून राहिला. शहाणा झाला हो! हातपाय गार पडले. ताप गेला, मग गारच असणार.

आजी माळ ओढत बसली होती. तिने विचारलं, "पोराला शू कधी झाली?"

प्लेटलेटचा आकडा अकराही जणांना तोंडपाठ होता. शू कुणालाच माहीत नव्हती. आईने आठवून पाहिलं : सकाळी आठला. आता तीन वाजले होते.

आजीने माळ खुंटीला अडकवली. गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून काकांनी बाळूला खांद्यावर टाकला आणि भैरवनाथावरून मैदागिनपर्यंत पळवला.

दोन दिवस सलाईन लागलं. प्लेटलेट आपल्या आपण वाढल्या. श्रेय बकरीला मिळालं. पोर सुखरूप घरी आल्याच्या आनंदात कुणीतरी गच्चीवर गेलं आणि कबुतरांच्या तसराळ्यातल्या वळवळत्या पाण्यावर आणखी तांब्याभर ताजं पाणी ओतून आलं.