आधी पोरं मोजा

पाळणाघराचा कायदा आपल्याकडे आधी बायका, नाहीतर कर्मचारी मोजत आला आहे. १९४८च्या कारखाने कायद्यात तिसाहून जास्त बायका कामाला असल्या, तर पाळणाघर लागायचं. बांधकाम मजुरांच्या १९९६च्या कायद्यात पन्नासाहून जास्त. २०१७ साली मातृत्व लाभ कायदा सुधारला. त्यात पन्नास कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं आणि आईला दिवसातून चार वेळा लेकराला बघून यायची मुभा मिळाली. नव्या कामगार संहितांनीही पन्नासाचा आकडा सोडलेला नाही.

हा आकडा घेऊन रायगड जिल्ह्यातल्या पोलादपूर तालुक्यात उमरठला या. आषाढात या. खाचरात वाकलेल्या बायका दिसतील, पण एकीचंही नाव कुठल्या हजेरीपटावर नाही. शेत घरचं, नाहीतर भावकीचं. आज हिच्या लावणीला, उद्या तिच्या. घरचा पुरुष मुंबईत. कायद्याच्या हिशेबात या बाईला मालक नाही, म्हणून तिच्या पोराला पाळणाघर नाही.

उमरठला बाहेरून माणसं येतात ती तान्हाजी मालुसऱ्यांच्या समाधीला. माघ वद्य नवमीला पुण्यतिथी असते. माघात भातखाचरं मोकळी असतात, पोर आईच्या कडेवर असतं, पाहुण्यांना काही खटकत नाही. लावणीला पाहुणे नसतात. तेव्हा तान्हं पोर सासूजवळ असतं आणि सासूचे गुडघे गेलेले असतात. सासू नसेल तर थोरली बहीण शाळा बुडवून त्याला सांभाळते. नऊ वर्षांची मुलगी दीड वर्षाच्या मुलाची जबाबदारी घेते, आणि हे आपण सगळे वर्षानुवर्षं बघत आलो आहोत.

‘अंगणवाडी आहे की,’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना काही तास बसवते, खाऊ घालते, शिकवते. तीन वर्षांखालच्या मुलाचं वजन होतं, लस टोचली जाते, घरी न्यायला शिधा मिळतो. पण त्या मुलाला दिवसभर ठेवून घ्यायची सोय तिथे नाही. रांगणारं, नुकतं चालायला लागलेलं पोर, ज्याच्यावर सर्वात जास्त नजर ठेवावी लागते, तेच नेमकं वाऱ्यावर.

डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर हे फार आधी कळलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथे विकासवाडी उभी केली, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी ठेवली. धाकट्याची सोय झाली तरच थोरली वर्गात बसेल, इतकं ते सरळ होतं. ताराबाई कोसबाडला आल्या १९५७ साली. अंगणवाडीची कल्पना आपण त्यांच्याकडून देशभर नेली, पण पाळणाघर तिथेच टेकडीवर राहिलं.

आता दर्जाचं बोलू. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ साली पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. जागा तळमजल्यावर हवी, कामाच्या ठिकाणापासून किंवा घरापासून पाचशे मीटरच्या आत हवी, प्रत्येक मुलामागे दहा-बारा चौरस फूट, तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सेविका आणि जोडीला मदतनीस. सूचना चांगल्या आहेत. पण त्या लिहिणाऱ्यासमोर कचेरी होती, डोंगर नव्हता. उमरठसारख्या गावात पाचशे मीटर मोजण्याआधी विचारायचं, की मधे ओढा आहे का आणि पावसात तो ओलांडता येतो का. तळमजला आहे का, याआधी विचारायचं, की मागचा उतार कसा आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळीये गाडलं गेलं आणि याच पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडीवर, केवनाळ्यावर दरड आली. पाळणाघराच्या जागेला भूगर्भतज्ज्ञाचा दाखला हवा, ही इथली पहिली अट. दुसरी, पाणी. घराभोवती विहीर, ओढा, भरलेलं खाचर, आणि आई कामात.

पाण्याचं मी भीती घालायला म्हणत नाही. बांगलादेशात खेडोपाडी ‘आँचल’ नावाची पाळणाघरं चालवली गेली. गावातल्याच बाईचं घर, एक मदतनीस, पंचवीसेक मुलं, सकाळी नऊ ते दुपारी एक. आई कामात असते नेमकी तीच वेळ. तिथे जाणाऱ्या मुलांत बुडून मरण्याचं प्रमाण ऐंशी टक्क्यांहून जास्त घटलं. जागतिक आरोग्य संघटना बुडण्याचे मृत्यू टाळायला आज जे उपाय सांगते, त्यात लहान मुलांसाठी पाळणाघर आहे. महागडी इमारत लागली नाही. वेळ बरोबर निवडली आणि नजर ठेवणारं माणूस दिलं.

माणूस, कॅमेरा नव्हे. याच रायगड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, खारघरमध्ये, २०१६च्या नोव्हेंबरात एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली आणि राज्य हादरलं. त्यानंतर जिथे तिथे कॅमेऱ्याची मागणी झाली. कॅमेरा खारघरलाही होता. मार बसला तो बसलाच. एका बाईच्या अंगावर किती मुलं, तिला शिकवलंय किती, पैसे किती देता आणि वरून तपासायला कोण येतं, हे चार प्रश्न सुटल्याशिवाय दर्जा हा शब्द उच्चारू नये.

सरकारची ‘पाळणा’ योजना आहे. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, दिवसाला साडेसात तास, महिन्याला सव्वीस दिवस. योजना योग्य दिशेची आहे, मी तिच्या बाजूने आहे. पण देशात अंगणवाड्या चौदा लाखांच्या घरात, आणि अशा पाळणाघरांचं उद्दिष्ट ठरलं सतरा हजार. शंभरात जेमतेम सव्वा. पंचवीस मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस. त्यात तीन वर्षांखालची पंधरा निघाली, तर २०१८च्या सूचनेतला दहाचा नियम तिथेच मोडला. आणि साडेसात तास राबणाऱ्या या बाईला पगार नाही, मानधन. मुलं सांभाळणं हे काम आहे. कामाला वेतन द्या.

मग धरायचं काय? एक नियम मला फार शहाणा वाटतो, आणि तो खेड्यातल्याच बायकांसाठी लिहिलेला होता. २००५च्या रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत होतं, की कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांच्यातल्याच एकीला मुलं सांभाळायला नेमा आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्या. इथे बायका मोजल्या नाहीत, मालक शोधला नाही. पोरं मोजली. पाच भरली, की हक्क सुरू. हाच नियम वाडीला लावा. वाडीत सहा वर्षांखालची पाच मुलं असतील तर लावणी आणि कापणीच्या दिवसांत तिथे पाळणाघर चालू, मजुरी सरकारने द्यायची.

सरकारने का, असं कुणी विचारील. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी मांडलं, की आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्या खर्चाचा मोठा वाटा सरकारनेही उचलावा. पुढे ते मजूरमंत्री असताना, १९४५ साली, खाणींमध्ये पाळणाघरं सक्तीची झाली. खाणीच्या तोंडाशी जे जमलं ते खाचराच्या बांधाशी जमायला ऐंशी वर्षं अपुरी पडावीत, याचा मला संताप येतो.

१ मे रोजी ग्रामसभा असते. लावणीला तेव्हा दोनेक महिने असतात. अंगणवाडी सेविकेकडे वाडीवार मुलांची नावं आणि वयं लिहिलेली असतात. ती यादी सभेत मोठ्याने वाचायला सांगा. कुठल्या वाडीत पाच भरतात ते लिहून घ्या, ठराव करा आणि तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडून ठरावाची पोच घ्या. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणाला ठेवायचे असतात. ते कुठे गेले, हेही त्याच सभेत विचारा. आणि ही मागणी बायकांनीच मांडावी म्हणून पुरुषांनी गप्प बसू नये. मुंबईहून मे महिन्यात गावी आलेल्या प्रत्येक चाकरमान्याने त्या सभेला बसावं, ते पोर त्याचंही आहे.